ट्रॅक्टरचे पॉवर स्टिअरिंग जड झाले किंवा आवाज करू लागले तर

(गळीत हंगामापूर्वी कोल्हापूर येथे ट्रॅक्टरधारक शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दसऱ्याच्या आगेमागे आपल्या भागातील साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि त्यानंतरचे चार-पाच महिने आपल्या ट्रॅक्टरला उसंत मिळत नाही. फडातून ऊस भरायचा, पाणंदीतून बाहेर काढायचा, मुख्य रस्त्याला लागायचे, कारखान्यावर नंबर लावायचा आणि रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परत यायचे. दिवस आणि रात्र हेच चक्र चालते. या धावपळीत इंजिनाकडे आपले लक्ष असते, टायरकडे असते, ट्रॉलीच्या पिनेकडेही असते. स्टिअरिंगकडे मात्र ते पूर्ण बिघडेपर्यंत कोणी पाहत नाही. "थोडं जड लागतंय, पण चाललंय" असे म्हणून आपण हंगाम ओढत राहतो.

आज याच विषयावर बोलायचे आहे. नांगर अडकला तर नुकसान होते, पण जीव जात नाही. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, समोर उतार आणि हातात वेळेवर न वळणारे चाक, ही गोष्ट वेगळी आहे. त्यात चालकाचा जीव आहे आणि रस्त्याने जाणाऱ्या इतरांचाही आहे.

एका अनुभवापासून सुरुवात करतो.

पंप बदलला, पण दोष तसाच राहिला

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरानंतरचा हंगाम होता. करवीर तालुक्यातील एक शेतकरी माझ्याकडे आले. त्यांच्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग इतके जड झाले होते की संध्याकाळी खांदे भरून येत. मेकॅनिकला दाखवले. त्याने तेल बदलले, फरक पडला नाही. मग पंप बदलला. पंपाचा खर्च किती असतो हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही फरक पडला नाही. शेवटी "रिलीफ व्हॉल्व्ह आवळून प्रेशर वाढवू" असे ठरले होते, तेवढ्यात ते माझ्याकडे आले.

आम्ही काय केले? पुढचा आस जॅकने उचलून त्याखाली लाकडी ठोकळे दिले. स्टिअरिंगच्या सिलिंडरची चाकाकडील पिन काढून सिलिंडर मोकळा केला. मग पुढचे चाक दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे वळवून पाहिले. चाक हलेना. म्हणजे तेलाचा, पंपाचा, व्हॉल्व्हचा काहीही संबंध नव्हता. ट्रॅक्टर पुरात दोन दिवस उभा होता. किंगपिनमधील ग्रीस धुऊन गेले होते, गाळ आत शिरला होता आणि बेअरिंग गंजून धरले होते. किंगपिन काढून साफ केली, बुश आणि बेअरिंग बदलले, ग्रीस भरले आणि स्टिअरिंग एका हाताने फिरू लागले.

यात मेकॅनिकला नावे ठेवण्याचा हेतू नाही. पण एक नियम आपण सर्वांनी गाठीशी बांधून ठेवावा: स्टिअरिंग जड झाले तर दोष आधी लोखंडात आहे की तेलात आहे हे ठरवा, मगच पान्याला हात घाला. आजच्या सगळ्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

मोठ्या मोटारबोटींवरही असेच तेलावर चालणारे स्टिअरिंग असते. तेथेही बोटीचे चाक जड झाले की जाणकार कारागीर आधी सिलिंडर इंजिनापासून सोडवतो आणि इंजिन हाताने वळवून पाहतो. ते हातानेही जड वळले तर खाऱ्या पाण्याने गंजलेल्या सांध्यांकडे वळतो आणि मोकळे वळले तरच तेलाकडे जातो. बोट असो वा ट्रॅक्टर, तपासणीचा क्रम तोच आहे.

रचना थोडक्यात समजून घ्या

आपल्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये स्टिअरिंगचे चाक दांड्यांनी आणि दात्यांनी पुढच्या चाकांना जोडलेले असे. पॉवर स्टिअरिंगच्या बहुतेक ट्रॅक्टरमध्ये असा सलग दांडा नसतो. तेथे हे काम तेल करते.

त्यात मुख्य भाग पाच असतात. पहिला, तेलाची टाकी आणि गाळणी. काही ट्रॅक्टरमध्ये स्टिअरिंगची टाकी स्वतंत्र असते, तर काहींमध्ये गिअरबॉक्स, लिफ्ट आणि स्टिअरिंग यांना एकच तेल असते. दुसरा, इंजिनावर चालणारा गिअर पंप. तिसरा, रिलीफ व्हॉल्व्ह. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की तो उघडतो आणि तेल परत टाकीकडे सोडतो. चौथा, स्टिअरिंगच्या चाकाखाली बसवलेले स्टिअरिंग युनिट. गॅरेजमध्ये त्याला ऑर्बिट्रॉल म्हणतात. आपण चाक जितके आणि ज्या बाजूला फिरवू, तितके मोजून तेल हे युनिट त्या बाजूला पाठवते. पाचवा, पुढच्या आसावरील सिलिंडर. तेल त्यातील दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्या चाकांना वळवतो.

तेलाची ताकद किती असते याचा एक हिशेब पाहा. उदाहरणादाखल, दट्ट्याचा व्यास ४ सें.मी. आणि त्याच्या दांड्याचा व्यास २ सें.मी. धरू. दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १२.५ चौरस सें.मी. होते. दांड्याची जागा वजा केली तर सुमारे ९.४ चौरस सें.मी. उरते. दाब दर चौरस सें.मी.ला १०० किलो असेल तर दट्ट्या ढकलताना सुमारे १,२५० किलोचा आणि ओढताना सुमारे ९४० किलोचा जोर लावतो. यातून दोन गोष्टी कळतात. एक, दाब निम्मा झाला की जोरही निम्मा होतो. दोन, एकाच बाजूला दांडा असलेल्या सिलिंडरमध्ये डाव्या-उजव्या वळणात थोडा फरक जाणवणे हा दोष नव्हे.

इंजिन बंद असताना काय होते, हेही लक्षात ठेवावे. पंप थांबतो, पण युनिटमध्ये तेल असेल तर ते स्वतःच हातपंपासारखे काम करते. चाक फार जड फिरते, तरी ट्रॅक्टर वळतो. इंजिन अचानक बंद पडले तर ट्रॅक्टर बाजूला घेण्यापुरती ही सोय आहे. म्हणूनच डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून किंवा गाडी न्यूट्रल करून ट्रॅक्टर सोडण्याची सवय घातक आहे. राधानगरी, भुदरगड, आजरा, शाहूवाडी या भागांतील उतारावर मागून दोन ट्रॉल्यांचा रेटा येत असताना हाताच्या जोरावर वेळेत वळणे शक्य होत नाही. आणि नळी फुटून तेलच गेलेले असेल, तर तेवढाही आधार राहत नाही.

पहिली पायरी: लोखंडाची तपासणी

ट्रॅक्टर सपाट, टणक जागेवर घ्यावा. इंजिन बंद करून हँडब्रेक ओढावा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर ट्रॅक्टर ठेवून खाली हात घालू नये, आसाखाली मजबूत आधार द्यावाच.

आस उचलण्यापूर्वी टायर पाहावेत. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर टायरचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो आणि स्टिअरिंग जड होते. हवेचा दाब ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील तक्त्याप्रमाणे ठेवावा, टायर बोटाने दाबून अंदाज करू नये. चढावर ट्रॅक्टर पुढून उचलू नये म्हणून आपण पुढे वजने लावतो. ती गरजेची असतात, पण हंगाम संपल्यावरही तशीच राहतात आणि पुढच्या आसावर विनाकारण भार टाकतात. पुढे भरणीचा लोडर किंवा फळी बसवली असेल तर तोही भार धरावा.

त्यानंतर आस उचलून सिलिंडर सोडवावा आणि प्रत्येक चाक हाताने वळवून पाहावे. चाक घट्ट असेल किंवा अडकत अडकत वळत असेल, तर किंगपिन, तिचे बुश आणि खालचे बेअरिंग तपासावे. ग्रीस निपलमधून ग्रीस आत जात नसेल तर निपल बुजलेले असते, ते बदलावे. बाहेरून निपलवर ग्रीस दिसले म्हणजे आत गेलेच असे नाही. जुने काळे ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत पंप मारावा.

चाक वर-खाली आणि आडवे धरून हलवावे. आवाज आला किंवा खेळ जाणवला तर हबचे बेअरिंग अथवा किंगपिन झिजलेली असू शकते. टाय रॉडचे बॉल जॉइंट आणि सिलिंडरच्या पिनाही हलवून पाहाव्यात. वळताना "खट्" असा एकच ठोका येत असेल तर तो बहुधा याच ठिकाणचा असतो. तेलाच्या दोषाचा आवाज सहसा असा नसतो.

दोन्ही चाके हाताने सहज वळत असतील तर लोखंड निर्दोष आहे. आता तेलाकडे वळायचे.

दुसरी पायरी: जड कधी होते ते पाहा

डॉक्टर "ताप कधी येतो" असे विचारतात, तसेच येथेही आहे. स्टिअरिंग जड कधी होते, या उत्तरातच निम्मे निदान असते.

१) कायम जड: तेलाची पातळी कमी, गाळणी तुंबलेली, रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो किंचित उघडा राहिलेला, किंवा पंप फार झिजलेला.

२) इंजिन हळू असताना जड, वेग दिल्यावर हलके: पंपाकडून पुरेसे तेल येत नाही. पंपाची झीज किंवा तुंबलेली गाळणी हे कारण संभवते.

३) सावकाश फिरवल्यास हलके, झटकन फिरवल्यास जड: हेही तेलाचा पुरवठा अपुरा असल्याचे लक्षण आहे.

४) सकाळी ठीक, दुपारी तेल तापल्यावर जड: तापलेले तेल पातळ होते आणि झिजलेल्या पंपातून किंवा युनिटमधून आतल्या आत निसटते.

५) थंडीत सकाळी पहिली दोन-चार मिनिटे जड, नंतर ठीक: तेल जाड आहे. शिफारशीपेक्षा वेगळ्या ग्रेडचे तेल भरले आहे काय ते पाहावे.

६) एकाच बाजूला फार जड: त्या बाजूची नळी दबलेली, पिळवटलेली किंवा आतून फुगलेली असू शकते. नळी नीट असेल तर युनिट आणि सिलिंडर तपासून घ्यावे.

७) चाके पूर्ण वळून टेकल्यावरही स्टिअरिंगचे चाक सावकाश फिरतच राहते: थोडेसे फिरणे चालते. सहज फिरत राहिले तर सिलिंडरचे सील गेले आहे किंवा युनिट झिजले आहे.

ज्या ट्रॅक्टरमध्ये लिफ्टला आणि स्टिअरिंगला एकच तेल आहे, तेथे आणखी एक सोपी कसोटी आहे. लिफ्टही मंदावली असेल तर दोष दोघांच्या समाईक वाटेवर, म्हणजे तेलाची पातळी किंवा गाळणी येथे शोधावा. लिफ्ट चांगली चालते आणि फक्त स्टिअरिंग जड आहे, तर स्टिअरिंगच्या स्वतःच्या भागात शोधावा.

तिसरी पायरी: आवाज ओळखा

पॉवर स्टिअरिंगचा प्रत्येक आवाज दोषाचा नसतो. चाके पूर्ण वळून टेकली की क्षणभर "चीं" असा आवाज येतो. तो रिलीफ व्हॉल्व्ह उघडल्याचा असतो आणि तो यावाच. मात्र अशा स्थितीत चाक पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. तेवढा वेळ पंप पूर्ण दाबावर चालतो, तेल झपाट्याने तापते आणि सीलचे आयुष्य कमी होते. अरुंद बांधावर ट्रॅक्टर वळवताना चाक टेकवून धरण्याची सवय अनेकांना असते, ती सोडावी. तसेच उभ्या ट्रॅक्टरची चाके जागेवर वळवण्याऐवजी ट्रॅक्टर किंचित चालता ठेवून वळवावा.

इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी "घूं-घूं" किंवा कण्हल्यासारखा आवाज आला तर पंपाला तेल पुरत नाही असे समजावे. पातळी कमी, गाळणी तुंबलेली, किंवा टाकीपासून पंपाकडे जाणारी नळी आत चिकटलेली, यांपैकी काहीतरी असते. या स्थितीत पंप चालवत राहिल्यास तो आतून खरवडला जातो. दोनशे मिलिलीटर तेल कमी पडल्यामुळे पंप गमावण्याचा हा प्रकार आहे.

खरखर आवाज, त्यासोबत चाकाला धक्के आणि टाकीत फेस, ही तेलात हवा शिरल्याची खूण आहे.

वळताना किंचाळल्यासारखा आवाज आला आणि पंप पट्ट्यावर चालणारा असेल, तर पट्टा सैल आहे किंवा त्यावर तेल लागले आहे.

हवा कोठून शिरते?

तेल कोठेच गळत नाही, मग हवा कशी शिरेल, असे शेतकरी विचारतात. याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. पंपाच्या पुढच्या नळ्यांत दाब असतो, तेथे भेग पडली तर तेल बाहेर येते. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत मात्र दाब नसतो, तेथे ओढ असते. त्या नळीला भेग पडली किंवा क्लॅम्प सैल झाला तर तेल बाहेर न येता बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे कोरड्या दिसणाऱ्या सांध्यातही दोष असू शकतो. विहिरीवरच्या पंपाच्या सक्शन पाईपला बारीक छिद्र पडले की पंप पाणी सोडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. येथेही तोच प्रकार आहे.

हा सांधा शोधण्यासाठी इंजिन हळू वेगावर ठेवून ओढीच्या नळीच्या प्रत्येक जोडावर थोडे ग्रीस लावावे. ज्या ठिकाणी ग्रीस लावताच आवाज बदलेल तो जोड दोषी. क्लॅम्प घट्ट करावा आणि नळी कडक झाली असेल तर बदलावी. हे करताना फिरणारा पंखा आणि पट्टा यांपासून हात व सैल कपडे दूर ठेवावेत.

हवा काढण्याची पद्धत अशी: पुढची चाके जमिनीपासून उचललेली ठेवावीत. टाकी खुणेपर्यंत भरावी. इंजिन अगदी हळू वेगावर ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश दहा-बारा वेळा फिरवावे, टोकाला दाबून धरू नये. मधून मधून पातळी पाहून तेल घालावे. टाकीतील बुडबुडे थांबले आणि चाक एकसारखे फिरू लागले की काम झाले. त्यानंतर इंजिन बंद करून पातळी पुन्हा पाहावी.

पूर आणि तेलातील पाणी

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ साली नदी या पातळीच्या कितीतरी वर गेली आणि शिरोळ, करवीर, हातकणंगले या तालुक्यांतील गावांत घरांबरोबर यंत्रेही पाण्यात बुडाली. त्यामुळे आपल्या जिल्ह्यापुरता हा मुद्दा वेगळा सांगावा लागतो.

टाकीच्या झाकणाला हवेसाठी छिद्र असते. ट्रॅक्टर बुडाला की त्यातून पाणी आणि गाळ तेलात जातो. तेल ताकासारखे पांढुरके दिसू लागते. पण हवेच्या फेसामुळेही तेल पांढुरके दिसते, मग ओळखायचे कसे? स्वच्छ काचेच्या बाटलीत थोडे तेल काढून ठेवावे. हवेमुळे पांढरे झाले असेल तर काही वेळात ते तळापासून निवळत जाते. पाण्यामुळे झाले असेल तर रात्रभर ठेवूनही गढूळ राहते किंवा तळाशी पाणी साचते.

पाणी असल्याची खात्री झाली की तेल पूर्ण काढावे, टाकी साफ करावी, गाळणी बदलावी, नवे तेल भरून थोडे चालवावे आणि ते तेलही काढून पुन्हा नवे भरावे. नळ्यांत आणि सिलिंडरमध्ये राहिलेले पाणी एका बदलात निघत नाही. हा खर्च जिवावर येतो, हे मला मान्य आहे. पण युनिटच्या आतील भागांमधली फट केसापेक्षाही बारीक असते. पाण्याने तेथे गंज धरला तर युनिटच बदलावे लागते.

पाण्यात बुडालेला ट्रॅक्टर पाणी ओसरताच चालू करून पाहू नये. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांची सर्व तेले आधी तपासावीत आणि पुढच्या आसाच्या प्रत्येक निपलमधून गाळ बाहेर येईपर्यंत ग्रीस मारावे. पाणी वाढू लागले की जनावरांबरोबर ट्रॅक्टरही उंचावर हलवावा, हे सर्वांत स्वस्त.

काय करू नये

रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू अंदाजाने आवळू नये. दाब मोजण्याचे घड्याळ लावूनच तो तपासायचा असतो. आंधळेपणाने दाब वाढवल्यास नळी फुटते, सील जाते, आणि हे घडते ते रस्त्यावर, भरलेल्या ट्रॉल्यांसह.

गळती हाताने चाचपून शोधू नये. दाबाखालचे तेल सुईसारख्या बारीक धारेने कातडीच्या आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, फारशी दुखतही नाही, पण आत मांस सडू लागते. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. तेल कातडीत गेल्याची शंका आली तरी घरगुती उपाय न करता लगेच मोठ्या दवाखान्यात जावे आणि तेल दाबाने आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

ब्रेक ऑइल, वापरलेले इंजिन ऑइल किंवा हाती येईल ते तेल टाकीत घालू नये. ब्रेक ऑइलने या यंत्रणेतील रबरी सील फुगतात आणि खराब होतात. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच तेल घ्यावे. तेलाचा डबा आणि नरसाळे स्वच्छ असावे, टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी भोवतालची धूळ आणि पाचटाचा भुसा पुसून काढावा.

युनिट शेतात किंवा झाडाखाली उघडू नये. त्यातील फिरणारे दाते आणि व्हॉल्व्ह यांची जुळणी ठराविक खुणेवर करावी लागते. ती चुकली तर इंजिन सुरू करताच स्टिअरिंगचे चाक आपोआप गरगर फिरू लागते आणि मनगट मोडू शकते. दुरुस्तीनंतर प्रथम इंजिन सुरू करताना चाकाच्या आऱ्यांत हात घालू नये, आणि असे घडल्यास इंजिन लगेच बंद करावे. उद्यमनगरासारखी यंत्रकामाची पेठ आपल्या शहरात आहे. हायड्रॉलिकचे काम जाणणाऱ्या कारागिराकडेच हे काम द्यावे आणि लक्षणे त्याला नीट सांगावीत. "जड आहे" एवढेच न सांगता "तेल तापल्यावर जड होते, चाके हाताने मोकळी वळतात, लिफ्ट चांगली आहे" असे सांगितले तर त्याचा वेळ आणि आपला पैसा दोन्ही वाचतात.

हंगामापूर्वीची तपासणी

शेवटी, पहिली मोळी ट्रॉलीत पडण्यापूर्वी करायची कामे सांगतो.

पुढच्या टायरची हवा मापून घ्यावी. आसाचे सर्व निपल साफ करून ग्रीस भरावे आणि हंगामात ग्रीसचा वार ठरवून घ्यावा. टाकीतील तेलाची पातळी, रंग आणि वास पाहावा. करपट वास हा तेल फार तापल्याचा पुरावा आहे. पुस्तिकेतील तासांप्रमाणे तेल आणि गाळणी बदलावी. सर्व नळ्या वाकवून पाहाव्यात. भेगा, फुगवटा किंवा आसाला घासल्याची खूण दिसली तर नळी बदलावी. सिलिंडरचा दांडा पुसून पाहावा. त्यावर ओरखडे असतील तर नवे सीलही टिकत नाही. टाय रॉडचे नट आणि त्यांच्या खिळी जागेवर आहेत याची खात्री करावी.

यांपैकी बहुतेक कामांना ग्रीसगन, पाने, जॅक आणि एक सकाळ पुरते. चालक पगारी असेल तर ही तपासणी त्याच्यासोबत करावी, म्हणजे त्यालाही आवाज ओळखता येईल. "स्टिअरिंग वेगळं लागतंय" असे त्याने सांगितले तर खेपेची घाई बाजूला ठेवून ट्रॅक्टर थांबवण्याची मुभा त्याला द्यावी. एक खेप चुकली तर ऊस दुसऱ्या दिवशी जाईल. चालक मात्र रोज संध्याकाळी घरी परतला पाहिजे.

हा हंगाम आपणा सर्वांना सुखरूप आणि चांगल्या उताऱ्याचा जावो.